फ्लेस्क म्हणजे नेमकं काय? उत्तरेकडच्या एका शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मंडळींकडून या एका शब्दाबद्दल सतत प्रश्न येतात. कुणाला दुकानातलं लेबल वाचायचं असतं, कुणी वर्तमानपत्रातल्या मथळ्यावर अडलेलं असतं, कुणाला नुसती शब्दाच्या मुळाची ओढ असते. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, गुंत्याचे मागाहून. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फ्लेस्क म्हणजे पोर्कच ना? मग वेगळं सांगण्यासारखं काय आहे?

हो, फ्लेस्क हे डुकराचंच मांस. पण शब्द एकटा आला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर डुकराचं कुठलंही मांस येत नाही. येतं ते चरबीचे थर असलेलं, बहुधा पोटाच्या बाजूचं, खारवलेलं किंवा तव्यावर परतलेलं मांस. नुसत्या मांसाला, म्हणजे प्राण्याचं नाव सांगायचं असेल तेव्हा, स्वीडिशमध्ये ग्रीसश्योत म्हणतात आणि डॅनिशमध्ये स्वीनेकोध. आइसलँडिकमधला शब्द स्वीनाक्योत. तेव्हा ‘पोर्क’ हे भाषांतर चुकीचं नाही, पण त्यातली चरबी आणि मीठ निसटतं. या शब्दाची सगळी गंमत त्या चरबीत आणि मिठात आहे.

२. उच्चार कसा करायचा? स्वीडिशमध्ये त्या अक्षरावर दोन टिंबं का असतात?

मराठी कानाला तिन्ही भाषांतला उच्चार ‘फ्लेस्क’ असाच लागतो. डॅनिशमध्ये शेवट जरा मऊ होतो. फरक लेखनात आहे. स्वीडिशमध्ये मधला स्वर दोन टिंबांच्या ‘अ’ने लिहितात, डॅनिशमध्ये ‘अ’ आणि ‘ए’ जोडून केलेल्या अक्षराने, तर नॉर्वेजियन आणि आइसलँडिकमध्ये साध्या ‘ए’ने. टिंबं शोभेची नाहीत. ती गाळली तर शब्द ‘फ्लास्का’ला, म्हणजे बाटलीला, जाऊन भिडतो. ‘फ्लेक्त’ म्हणजे पंखा आणि ‘फ्लेक’ म्हणजे डाग. नवख्या माणसाची या चार शब्दांत गल्लत होते, आणि त्यात कमीपणा काही नाही. आपल्याकडे ‘पिता’ आणि ‘पीत’ वेगळे ओळखायला परक्या माणसाला वेळ लागतोच.

३. हा शब्द इंग्रजी ‘फ्लेश’शी संबंधित आहे का?

सख्खं नातं आहे. इंग्रजी फ्लेश, जर्मन फ्लाइश, डच फ्लेस आणि उत्तरेकडचा फ्लेस्क ही एकाच जुन्या जर्मानिक शब्दाची लेकरं. प्राचीन नॉर्समध्ये, म्हणजे या उत्तरेकडच्या भाषांच्या पूर्वजभाषेत, रूप होतं फ्लेस्क, जुन्या इंग्रजीत फ्लेस्कच्याच जवळचं फ्लॅश. जर्मन आणि डच भाषांत शब्द ‘मांस’ या सर्वसाधारण अर्थावर थांबला. इंग्रजीत तो ताटातून उठून शरीराकडे गेला आणि ताटातली जागा ‘मीट’ने घेतली. या ‘मीट’चा मूळ अर्थ नुसतं अन्न असा होता आणि त्याचा स्वीडिश भाऊ ‘मात’ आजही अन्न याच अर्थाने राबतो. स्कॉटलंडमध्ये खाटकाला ‘फ्लेशर’ म्हणायची पद्धत होती, म्हणजे तिथे जुना अर्थ जास्त दिवस टिकला.

त्याच्याही मागे गेलं की वाट धूसर होते. फाडणे किंवा चिरणे अशा अर्थाच्या धातूपासून हा शब्द आला असावा, असं एक मत आहे. प्राचीन नॉर्स ‘फ्लिक्की’ आणि इंग्रजी ‘फ्लिच’ म्हणजे डुकराची खारवलेली अख्खी बाजू, आणि हे शब्द त्या धातूशी जोडले जातात. फ्लेस्कही त्यांच्याच घरचा की शेजारचा, यावर अभ्यासकांत एकमत नाही. जिथे हा संबंध पक्का म्हणून सांगितलेला दिसेल तिथे थोडं सावध राहावं.

४. इतर भाषांत ‘मांस’, मग उत्तरेकडेच अर्थ डुकरावर येऊन का थांबला?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त आवडतो, म्हणून उत्तर लांबलं तर समजून घ्या.

अर्थ असे आक्रसतात हे आपल्याला नवीन नाही. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे कुठलंही रानटी जनावर. म्हणूनच सिंह मृगराज आणि माकड शाखामृग. मराठीत मात्र मृग म्हटलं की हरीणच. ‘मटण’ पाहा. इंग्रजीतला तो शब्द मेंढीच्या मांसाचा, पण मराठी घरात मटण म्हणजे प्रामुख्याने बोकडाचं. जे जनावर सर्वांत जास्त हाताशी असतं, ते सर्वसाधारण शब्द ओढून घेतं.

उत्तरेकडे शब्द ओढून घेतला तो हिवाळ्याने. स्वीडिशमध्ये ऑक्टोबरचं जुनं नाव आहे ‘स्लाक्तमोनाद’, म्हणजे कापणीचा महिना, आणि ही कापणी जनावरांची. चारा संपत आलेला, थंडी पडू लागलेली, त्यामुळे मांस नासण्याची भीती कमी. ओक आणि बीच या झाडांच्या जंगलांत शरदभर पडलेली फळं खाऊन डुकरं तुडुंब झालेली असत. डेन्मार्क आणि स्वीडनच्या दक्षिण टोकाकडच्या स्कोने भागात एखाद्या जंगलाची किंमत तिथे किती डुकरं पोसली जातील यावरून मोजत. कापलेलं डुक्कर मिठात मुरवलं की ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरे. चरबीवाला भाग मिठात वातड होत नाही, उलट चव धरतो, आणि थंड प्रदेशात अंगमेहनत करणाऱ्याला हवी असलेली ऊर्जा चरबीतच असते. घरात टिकून राहणारं मांस हेच होतं. टिकणाऱ्या मांसाला फ्लेस्क हे नाव चिकटलं आणि बाकीच्यासाठी दुसरा शब्द वापरात राहिला.

याचा पुरावा भाषेतच सापडतो. नॉर्वेत एक जुन्या वळणाचं जेवण आहे, ‘एर्तेर, श्योत ओ फ्लेस्क’. शब्दशः अर्थ: वाटाणे, मांस आणि फ्लेस्क. मराठीत हे ‘मांस आणि मांस’ असं ऐकू येईल. नॉर्वेजियन माणसाला त्यात काहीच विचित्र वाटत नाही, कारण त्याच्या मनात हे दोन वेगळे जिन्नस आहेत.

५. मग सर्वसाधारण मांसाला काय म्हणतात? आणि बायबलमध्ये कुठला शब्द आहे?

स्वीडिश आणि नॉर्वेजियनमध्ये श्योत, डॅनिशमध्ये कोध, आइसलँडिकमध्ये क्योत. चारही एकाच नॉर्स शब्दाची रूपं.

बायबलचा प्रश्न एका ख्रिस्ती वाचकाने विचारला होता आणि तो अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. योहानाच्या शुभवर्तमानातलं ‘शब्द देही झाला’ हे वाक्य मार्टिन ल्यूथरच्या जर्मन भाषांतरात ‘फ्लाइश’ वापरून येतं, इंग्रजीत ‘फ्लेश’ वापरून. जर्मनमधून भाषांतर करताना सख्खा शब्द म्हणून कुणी स्वीडिशमध्ये फ्लेस्क लिहिलं असतं, तर ‘शब्द खारं डुकराचं मांस झाला’ असा अनर्थ झाला असता. म्हणून परंपरागत स्वीडिश आणि डॅनिश भाषांतरांत तिथे श्योत आणि कोध आहेत. नातं सख्खं असलं तरी अर्थ सख्खा असेलच असं नाही, हे विद्यार्थ्यांना समजवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. मराठीने ‘देही’ हा शब्द निवडून मांसाचा प्रश्नच बाजूला ठेवला. ती निवड मला फार सुंदर वाटते.

६. संस्कृत ‘सूकर’शी फ्लेस्कचा काही संबंध?

फ्लेस्कचा नाही, पण जनावराच्या नावाचा आहे. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियनमधला ‘स्वीन’, इंग्रजी ‘स्वाइन’, लॅटिन ‘सूस’ आणि संस्कृत ‘सूकर’ हे सगळे ‘सू’ या एकाच इंडो-युरोपीय मुळाकडे जातात. हिंदीतला सूअर सूकरातून आला. रोजच्या स्वीडिशमध्ये मात्र जनावराला ‘ग्रीस’ म्हणतात. ‘स्वीन’ जरा शेतकी पुस्तकातला किंवा शिवीतला वाटतो.

७. फ्लेस्क म्हणजे चरबीवालं, तर ‘फ्लेस्कफिले’त चरबी जवळजवळ नसते. हे कसं?

हा खरा अपवाद आहे आणि स्वीडिश शिकवणाऱ्यांनाही तो सांगावा लागतो. शब्द एकटा असेल तर अर्थ अरुंद, म्हणजे पोटाकडचा चरबीचा भाग. शब्द जोडशब्दाच्या सुरुवातीला आला की अर्थ रुंद होतो आणि त्याने नुसतं ‘डुकराचं’ एवढंच कळतं. फ्लेस्कफिले म्हणजे डुकराच्या पाठीच्या कण्यालगतचा कोवळा भाग, फ्लेस्ककोतलेत म्हणजे डुकराची चॉप, फ्लेस्कलेग म्हणजे नडगीचा भाग. जोडशब्दाच्या शेवटी आला की पुन्हा अरुंद: ‘सीदफ्लेस्क’ म्हणजे बाजूचा, पोटाचा चरबीदार पट्टा. जागा बदलली की अर्थ बदलतो, एवढं ध्यानात ठेवलं की बहुतेक लेबलं उलगडतात.

८. बेकन आणि फ्लेस्क एकच का?

दुकानात नाही. बेकन म्हणजे खारवून धुरावलेले, यंत्राने पातळ कापलेले काप. फ्लेस्कचे काप जाड असतात, आणि ते कच्चे, नुसते खारवलेले किंवा धुरावलेले, कसेही मिळतात. खारवलेल्याला ‘रिम्मत’ असं विशेषण लागतं. ‘स्पेक’ म्हणजे निव्वळ चरबीचा थर, आणि ‘इस्तेर’ म्हणजे डुकराची चरबी.

बेकन या शब्दाचा प्रवास मोठा फिरता आहे. मूळ जर्मानिक, इंग्रजी ‘बॅक’ म्हणजे पाठ या शब्दाच्या नात्यातला. तो फ्रेंचमध्ये गेला, तिथून इंग्रजीत आला आणि इंग्रजीतून पुन्हा उत्तरेच्या जर्मानिक भाषांत शिरला. शिरण्यामागे व्यापारही होता. १८८७ मध्ये जर्मनीने जिवंत डुकरांची आयात बंद केली. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये होर्सेन्स इथे शेतकऱ्यांचा पहिला सहकारी कत्तलखाना उभा राहिला आणि डॅनिश डुकरं इंग्रजांच्या न्याहारीसाठी बेकन होऊन जाऊ लागली. सहकारी साखर कारखान्यांच्या प्रदेशातून येणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट लगेच कळते: एकेकट्या शेतकऱ्याला बाजार गाठता येत नाही, सभासदांचा कारखाना तो गाठतो.

९. मी डुकराचं मांस खात नाही. लेबलवर कोणते शब्द बघू?

सगळ्यांत निकडीचा प्रश्न हाच. स्वीडनमध्ये फ्लेस्क, ग्रीस, स्वीन, शिंका म्हणजे हॅम, बेकन, स्पेक, इस्तेर आणि ‘स्वोल’ म्हणजे कातडी, एवढे शब्द पाठ करा. डेन्मार्क आणि नॉर्वेत ‘स्किंके’सारखी थोडी वेगळी रूपं दिसतील, पण ओळखू येतात.

नावात फ्लेस्क नसूनही डुक्कर असतं अशा वस्तू जास्त फसवतात. ‘ब्लांदफॅश’ या खिम्यात डुक्कर आणि गाईबैलाचं मांस एकत्र असतं. ‘नोतफॅश’ हा फक्त गाईबैलाचा. हिंदू वाचकांनी हे दोन्ही शब्द लक्षात ठेवावेत. मीटबॉल, फालूकोर्व नावाचं जाड सॉसेज आणि पावाला लावायची लिव्हरची पेस्ट यांत डुक्कर बहुधा असतंच. नॉर्वेत ‘श्योतदाय’ म्हणून मिळणारा खिमा नावाने नुसता ‘मांसाचा’ असला तरी तो साधारणपणे गाईबैलाचा असतो. युरोपातल्या नियमांनुसार घटकांच्या यादीत मांसाबरोबर प्राण्याचं नाव द्यावं लागतं, तेव्हा पाकिटाच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू वाचा. शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना पुढच्या उत्तरात आहे.

१०. फ्लेस्कचे कोणते पदार्थ प्रसिद्ध आहेत?

डेन्मार्कचा ‘स्टेग्ट फ्लेस्क’ पहिला. पोटाकडचे काप कुरकुरीत होईपर्यंत भाजायचे, सोबत उकडलेले बटाटे आणि पार्सली घातलेला पांढरा सॉस. २०१४ मध्ये लोकांच्या मतदानातून त्याची राष्ट्रीय पदार्थ म्हणून निवड झाली. नाताळात तिथे ‘फ्लेस्केस्टाय’ होतो, कातडीसकट भाजलेला मोठा तुकडा. कातडी कडाडून फुलली नाही तर यजमानाचा चेहरा पडतो.

स्वीडनमध्ये दर गुरुवारी पिवळ्या वाटाण्यांचं सूप आणि नंतर पॅनकेक खाण्याची प्रथा आहे. शुक्रवारच्या कॅथलिक उपासाच्या आदल्या दिवशी पोटभर खाण्यातून ती आली असं सांगतात. लष्करात आणि शाळांत ती टिकली. वरून हे सूप आपल्या वाटाण्याच्या आमटीसारखं, अगदी निरागस दिसतं, पण त्यात खारवलेलं फ्लेस्क शिजलेलं असतं. शाकाहारी माणसाने विचारल्याशिवाय चमचा लावू नये. शिवाय ‘रागमुंक’ आहे, किसलेल्या बटाट्याचं धिरडं, जे परतलेल्या फ्लेस्कबरोबर आणि लाल आंबट लिंगनबेरीबरोबर खातात. धिरड्याची चव आपल्या उपासाच्या बटाट्याच्या थालीपिठाची आठवण करून देते, ताटात शेजारी जे असतं ते मात्र अजिबात नाही.

११. निवडणुकीच्या बातम्यांत ‘वालफ्लेस्क’ असतं. हे काय?

‘वाल’ म्हणजे निवडणूक. वालफ्लेस्क म्हणजे मतांसाठी दाखवलेलं आमिष: करकपात, वाढीव भत्ता, नवा रस्ता, निवडून आलो तर लगेच. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन तिन्ही भाषांत हा शब्द रुळलेला आहे. मराठीत आपण ‘गाजर दाखवलं’ म्हणतो. आमिष म्हणून गाजर पुढे करायचं की चरबीदार मांस, हे त्या त्या लोकांच्या स्वयंपाकघरावर अवलंबून. खरं तर संस्कृतात ‘आमिष’ या शब्दाचाच मूळ अर्थ मांस आहे, म्हणून तर मांसाहार ‘सामिष’. तेव्हा आपली आणि त्यांची कल्पना वाटते तितकी दूर नाही.

अमेरिकेतल्या ‘पोर्क बॅरल’शी याची गल्लत करू नका. तिथे अर्थ आपल्या मतदारसंघाकडे सरकारी पैसा वळवणे असा आहे. वालफ्लेस्क हे निवडणुकीआधीचं वचन, ते पुढे पाळलं गेलं काय आणि न गेलं काय.

१२. नॉर्वेजियन सहकारी माझं लिखाण वाचून ‘स्मोर पो फ्लेस्क’ म्हणाली. ती स्तुती होती का?

नव्हती. शब्दशः ‘फ्लेस्कवर लोणी’. आपल्याला ‘दुधात साखर’ आठवते आणि ते चांगलंच वाटतं, पण इथे भाव उलटा आहे: आधीच चरबी, त्यावर आणखी चरबी कशाला? जे एकदा सांगून झालं ते पुन्हा सांगणं, म्हणजे द्विरुक्ती. आपण ज्याला ‘पिवळा पीतांबर’ किंवा ‘गाईचं गोमूत्र’ म्हणतो तेच. स्वीडिश लोक यासाठी ‘तोर्ता पो तोर्ता’, केकवर केक, असं म्हणतात.

याच घरातला, पण कौतुकाच्या बाजूचा प्रयोगही आहे. स्वीडिश ‘फ्लेस्का पो’ आणि नॉर्वेजियन ‘फ्लेस्के तील’ म्हणजे हात सैल सोडून, दणक्यात करणे. लग्नात जेवणावळीला काही कमी पडू दिलं नाही, तर यजमानाने ‘फ्लेस्के तील’ केलं असं म्हणता येतं.

१३. माणसाला उद्देशून हा शब्द वापरला तर?

वापरू नका. अंगावरच्या चरबीला बोलीत फ्लेस्क म्हणतात आणि तसं हिणवणं बोचतं. ‘फ्लेस्कलेप’ मात्र निरुपद्रवी आहे: मार लागून सुजलेला ओठ. संगीतातला भरदार, जाड आवाज ‘फ्लेस्किग’ असतो आणि ते कौतुक आहे. स्वीडनमध्ये ‘फ्लेस्कक्वार्तेत्तेन’ नावाचा तंतुवाद्यांचा गट आहे. परदेशात त्याने ‘फ्लेशक्वार्टेट’ हे नाव घेतलं. म्हणजे पोर्कचं जुनं इंग्रजी भावंड कामाला आलं, आणि प्रश्न ३ मधलं नातं एका गटाच्या नावात पुन्हा जुळलं.

१४. फिनलंडमध्ये ‘लेस्की’ ऐकलं. तो हाच शब्द का?

हाच, स्वीडिशकडून घेतलेला. फिनिश ही वेगळ्या कुळातली भाषा. तिच्या जुन्या शब्दांच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नसे, म्हणून परका शब्द घेताना पहिलं व्यंजन गळून पडे. ‘स्कूला’ची ‘कोउलू’ झाली, ‘ग्लास’चा ‘लासी’ झाला, फ्लेस्कचा ‘लेस्की’. गावाकडे स्टेशनचं टेसन होतं, ते याच सोयीने. फिनिशमध्ये अर्थ आणखी चरबीकडे सरकला आहे, आणि माणसाला उद्देशून तो प्रश्न १३ मधल्याइतकाच वाईट.

१५. आइसलँडमध्ये डुकरं फारशी नव्हती, मग तिथे हा शब्द कसा टिकला?

नवव्या शतकात नॉर्वेहून आलेल्या वसाहतकऱ्यांनी डुकरं आणली होती. स्वीनाफेल, स्वीनावात्न अशी गावांची आणि तळ्यांची नावं त्याची साक्ष देतात. पुढे जंगल संपत गेलं, थंडी वाढली, मेंढी हेच मुख्य जनावर झालं आणि डुकरं जवळपास नाहीशी झाली. जनावर ताटातून गेलं तरी शब्द हस्तलिखितांत राहिला, कारण हे लोक हिवाळ्याच्या रात्री जुनं वाङ्मय वाचत, उतरवून काढत. आज तिथे डुकराचं मांस मिळतं ते स्वीनाक्योत या नावाने. फ्लेस्क चरबीदार भागापुरता उरला आहे.

१६. वल्हालातल्या वीरांना रोज रानडुकराचं मांस मिळे म्हणतात. तिथेही हाच शब्द आहे का?

वल्हाला म्हणजे नॉर्स पुराणकथांतला, रणात पडलेल्या वीरांचा महाल. शब्द तिथे आहे, आणि तो मोठं काम करतो. ‘ग्रीम्निस्माल’ ही प्राचीन कविता तेराव्या शतकातल्या आइसलँडिक हस्तलिखितात उतरलेली आहे. तिच्या अठराव्या कडव्यात सांगितलंय की अँड्ह्रीम्निर हा आचारी एल्डह्रीम्निर या कढईत सेह्रीम्निरला शिजवतो आणि ते ‘फ्लेस्का बाझ्त’ आहे. फ्लेस्का हे षष्ठीचं अनेकवचन. म्हणजे ‘सगळ्या फ्लेस्कांत उत्तम’.

आता नीट पाहा: या कडव्यात डुक्कर असा शब्दच नाही. सेह्रीम्निर हे नुसतं विशेषनाम आहे. हा प्राणी रानडुक्कर आहे आणि रोज शिजवला तरी संध्याकाळी पुन्हा अख्खा होतो, असं स्नोर्री स्टुर्लुसन या आइसलँडिक लेखकाने तेराव्या शतकात गद्यात लिहिलं. कवितेत प्राणी ओळखायची खूण एकच, फ्लेस्क हा शब्द. तो नॉर्समध्ये ‘कुठलंही मांस’ असता तर वल्हालाच्या कढईत बैल आहे की मेंढा, काहीच कळलं नसतं. म्हणून इंग्रजीत कुणी हे ‘बेस्ट ऑफ फ्लेश’ केलं तर शब्द जुळतो आणि डुक्कर हरवतं. मराठीत ‘मांसांत उत्तम’ केलं तरी तेच. मी इथे ‘डुकराच्या मांसात सर्वांत सरस’ असं करते. ओळ लांबते, पण कढईत काय आहे ते दिसतं.